मोरचूद, चुना आणि बोर्डो : नानांना घेऊन केलेली पायी सफर

आमच्या शेडमागे दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आहे, आतून कायमचा निळसर झालेला. मला कळायला लागलं तेव्हापासून नाना, म्हणजे माझे वडील, त्यात बोर्डो करतात, द्राक्षावर फवारायचं बुरशीचं औषध. एका बादलीत मोरचूद भिजत घातलेलं, दुसरीत कळीचा चुना विरवलेला, दोन्ही गाळून ड्रममध्ये एकदम ओतायचं, लाकडाच्या दांड्याने ढवळत राहायचं आणि मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडलाय, अजून घाला. आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षवाल्याच्या घरातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पण बोर्डो म्हणजे काय असं मी सातवी-आठवीत असताना विचारलं होतं तेव्हा नाना म्हणाले होते, "गाव असंल कुठलं तरी."

त्या गावाला, फ्रान्समधल्या बोर्डो शहराला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं जाऊन आलो. नाना ६७ वर्षांचे, सातवी पास, माळकरी, भाषा मराठी आणि कामापुरती हिंदी, उजवा गुडघा दुखरा, विमानात कधी बसलेले नाहीत. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, मी नाही येत, म्हशी कोण बघणार. ट्रिपचा मुख्य भाग म्हणजे बोर्डो शहरातला गाईडबरोबरचा दोन तासांचा पायी टूर, पण तिथवर पोचायला आम्हाला पाच महिने लागले. शेतकरी आईवडिलांना घेऊन कुणी निघणार असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, खर्चासकट.

आधी तारखा. द्राक्षवाल्याला वर्षातून फार कमी दिवस मोकळे मिळतात. जानेवारी ते एप्रिल माल तोडायचा, लगेच खरड छाटणी, ऑक्टोबरला परत छाटणी. मधे वारी. गणपतीत नाना घर सोडत नाहीत आणि पितृपक्षात आजोबांची तिथी तृतीयेला, ती करूनच निघायचं. म्हणजे १४ ते २१ सप्टेंबर एवढीच फट उरली. आणि योगायोग असा की तिकडे बोर्डोला तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते.

पासपोर्टचा अर्ज २८ एप्रिलला नाशिकच्या केंद्रातून केला. नेहमीची फी १५००, साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट, म्हणून १३५०. मला भीती होती की नाना दहावी नाहीत, मग ईसीआरचा, म्हणजे काही देशांत कामाला जाताना आधी सरकारी परवानगी लागते असा शिक्का पडेल, पण पन्नाशीच्या वर असलेल्यांना तो नसतोच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले, आईने चहा केला, २४ मेला पासपोर्ट पोस्टाने हातात.

व्हिसाचं मात्र डोकं खाल्लं. फ्रान्सचा शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), फी माणशी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज आणि कुरिअर, दोघांचे मिळून २३ हजारांच्या आसपास गेले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि माझा कळकळीचा सल्ला आहे की पासपोर्ट आल्या दिवसापासून अपॉइंटमेंटचे स्लॉट बघायला लागा. जूनभर मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि रात्री झोपताना साइट उघडत होते, सगळं लाल. एकदा ३ जुलैचा मिळाला आणि सोडून द्यावा लागला, कारण नाना निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर होते. गुडघ्यामुळे गेली दोन वर्षं ते शेवटचे आठच दिवस चालतात पण चुकवत नाहीत, आणि वारी सोडून या असं मी त्यांना सांगणार नव्हते. शेवटी २१ जुलैचा मुंबईचा मिळाला, दुपारी एकचा.

आता कागदपत्रं. नोकरीवाल्यांसाठी यादी सोपी आहे, सॅलरी स्लिप, तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट. शेतकऱ्याचं काय? शेतीचं उत्पन्न करमुक्त, नानांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही. शेवटी मी अशी फाईल केली: सातबारा आणि आठ-अ, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, व्यापाऱ्याच्या गेल्या दोन हंगामांच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि आमच्या सीएचं एक पानाचं पत्र की यांचं उत्पन्न शेतीचं आहे, म्हणून रिटर्न नाही. वर माझं स्पॉन्सरशिपचं पत्र, खर्च मुलगी करतेय म्हणून. सातबाऱ्यावर नानांच्या नावापुढे पाटील आहे, पासपोर्टवर नाही, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. भाषांतर, नोटरी, स्टॅम्प धरून साडेचार हजार. इन्शुरन्स कमीतकमी ३०,००० युरो कव्हरचा लागतो, नानांच्या वयाला २८००, मला ९००.

कव्हर लेटरमध्ये परत येणार कशावरून, हे पटवायचं असतं. मी लिहिलं की ४ ऑक्टोबरला बागेची छाटणी आहे, मजुरांची टोळी ठरलेली आहे, आणि हे साधं खरं कारण लिहिल्यावर मलाच जरा धीर आला.

केंद्रात गेल्यावर जे झालं ते कुठल्याच यादीत नव्हतं. नानांच्या बोटांचे ठसेच उठेनात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माती, चुना, कात्री, बोटांवरच्या रेघा झिजल्यात. काउंटरवरच्या मुलीने दहा-बारा वेळा घेतले, ओल्या कपड्याने पुसून घेतले, नाना ओशाळून म्हणत होते, "काम केलंय ना पोरी, म्हणून असं झालंय." तिला मराठी येत होतं, ती म्हणाली, आजोबा असू द्या, सावकाश, आणि शेवटी घेतलेच. त्या मुलीचे आभार कसे मानू. तुमच्या घरात शेतात राबलेलं माणूस असेल तर आठवडाभर आधीपासून रोज रात्री बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळा, फरक पडतो म्हणे, आणि वेळ हातात ठेवून जा. नाना पंचवटी एक्सप्रेसने आले होते, परतीची गाडी धरायची गडबड होती, त्या टेन्शनमध्ये घाम येऊन ठसे अजूनच उठत नव्हते.

त्यानंतर सोळा दिवस नुसती वाट. ६ ऑगस्टला दोन्ही पासपोर्ट आले. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पाकीट फोडलं आणि दोन्हींवर स्टिकर बघून तिथेच पायरीवर बसले. नानांना फोन केला तर ते फवारणीत होते, म्हणाले, "बरं झालं. मग बोर्डो बघायचं म्हणायचं."

विमान मुंबई-पॅरिस, दोघांचं जाऊन-येऊन एक लाख चोवीस हजार. पॅरिसच्या विमानतळावरून शहरात यायला लोकलचं तिकीट तेव्हा, २०२५ मध्ये, १३ युरो होतं, पुढे मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे तिकडची वेगवान रेल्वे. २०१७ साली नवी लाइन झाल्यापासून पॅरिस-बोर्डो दोन तासांवर आलंय. तिकीट दोन महिने आधी काढलं तर स्वस्त, आम्हाला माणशी ४५ युरो पडलं. नाना पूर्ण दोन तास खिडकीला. सूर्यफूल, मका, गायी, मधेच म्हणाले, "माणूस कुठंय? रानात एक माणूस दिसंना."

बोर्डोला सेंट-जाँ स्टेशनपासून ट्रॅम सी सरळ शहरात येते. बाहेरून ट्रॅमच्या डोक्यावर विजेची तार असते, जुन्या भागात शिरलं की तार गायब, करंट रुळांमधल्या पट्टीतून मिळतो, गाडी अंगावरून गेल्याशिवाय ती पट्टी चालूच होत नाही. जुन्या इमारतींसमोर तारांचं जाळं नको म्हणून २००३ मध्ये ही सोय केली. हॉटेल दिवसाला ८८ युरो, लहानशी खोली, पण लिफ्ट होती. बुक करताना लिफ्ट आहे का हे विचाराच, जुन्या घरांत तीन-तीन मजले गोल जिने असतात.

टूर १६ तारखेला मंगळवारी सकाळी दहाचा होता. पोचल्यावर एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला, झोप जागेवर यायला. शहराच्या पर्यटन कार्यालयाचा इंग्रजी टूर, माणशी वीस युरोच्या आत. बुकिंगमध्ये माझी एक चूक झाली होती ती सांगते. पहिल्यांदा घाईत जो टूर बुक केला त्यात शेवटी तीन वाइनची चव होती. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी तो रद्द केला आणि साधा, फक्त शहर बघायचा टूर घेतला. तेव्हा बुक करताना 'देग्युस्तासियाँ' हा शब्द दिसला तर समजा की वाइन पाजणार आहेत. शिवाय मी आधी मेल केला होता की वडील सोबत आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही, मी हळू आवाजात मराठीत सांगत राहिले तर चालेल का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जरूर चालेल.

आम्ही चौदा जण होतो. गाईड साठीच्या आसपासची बाई, करडे केस, पायात जाड तळाचे बूट. तिने एक फार चांगली गोष्ट केली. प्रत्येक ठिकाणी आपलं बोलून झालं की माझ्याकडे बघायची आणि माझं मराठी संपेपर्यंत पुढे निघायची नाही. बाकीचेही थांबायचे. मला सुरुवातीला फार संकोच वाटत होता, तिसऱ्या थांब्यापर्यंत तो गेला.

सुरुवात ग्रँ थिएटरपासून. १७८० चं बांधकाम, व्हिक्टर लुई नावाचा वास्तुकार, पुढे बारा खांब आणि त्यावर बारा दगडी बायका, नऊ कलांच्या देवता आणि तीन देवी. दगड फिकट मधासारखा. गाईड म्हणाली मी लहान होते तेव्हा हे सगळं शहर काळं होतं, धुराने, काजळीने, नदीच्या कडेला गोदामांच्या भिंती, नदी दिसायची नाही. १९९५ नंतर एकेक इमारत धुवायला घेतली, गोदामं हलवली, ट्रॅम आली, आणि २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत शहराचा १८१० हेक्टरांचा भाग गेला. नानांनी लगेच हिशोब केला, साडेचार हजार एकर. त्यांना हे फार पटलं की जुनं पाडलं नाही, धुतलं.

तिथून नदीकडे, प्लास द ला बूर्स. गारोन नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून या बंदराला चंद्राचं बंदर म्हणतात, आणि चौकही नदीच्या बाजूने उघडा. १७३० ते १७७५ असं पंचेचाळीस वर्षं बांधकाम, गाब्रिएल बापलेकांनी केलेलं, बापाने सुरू केलं आणि मुलाने पुढे नेलं. समोर पाण्याचा आरसा, २००६ साली केलेला, काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम दोन सेंटीमीटर पाणी, त्यात अख्खा चौक उलटा दिसतो, मग पाणी ओसरतं, धुकं उडतं, परत भरतं. लहान पोरं त्यात पळत होती. नाना बूट काढून सरळ आत गेले, पँट वर खोचून. मी सोबत टॉवेल ठेवला नव्हता, तुम्ही ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी गाईडबरोबर जावं असं मी म्हणेन ती ही. त्या चौकातल्या कमानींवर दगडात कोरलेले चेहरे आहेत, मास्कारों म्हणतात, शहरात असे तीनेक हजार. आपण आपले सुंदर सुंदर म्हणून फोटो काढून निघून जाऊ. तिने बोट करून दाखवलं, हा चेहरा बघा, आफ्रिकन बाईचा. मग सांगितलं की अठराव्या शतकातली ही श्रीमंती नुसती वाइनची नाही. इथून जहाजं आफ्रिकेला गेली, तिथली माणसं पकडून कॅरिबियनमधल्या बेटांवर विकली, आणि साखर, कॉफी, नीळ घेऊन परत आली. आणि त्याहून मोठा व्यापार म्हणजे त्या बेटांवर गुलामांनी पिकवलेला माल थेट इथे आणायचा. हे ती अजिबात आडपडदा न ठेवता बोलली. मी नानांना सांगताना माझाच आवाज बसला. ते बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ज्यांना विकलं त्यांचीच तोंडं दाराला लावली?" मी हे गाईडला सांगितलं. ती म्हणाली, हो, आणि अडीचशे वर्षं आम्ही त्याखालून जा-ये करतोय. टूरनंतर आम्ही नदीकाठाने मोदेस्त तेस्तासचा पुतळा बघायला गेलो, तो २०१९ मध्ये बसवला. इथिओपियाकडून पळवून आणलेली मुलगी, बोर्डोच्या दोन भावांनी विकत घेतलेली. नानांनी तिथे हात जोडले.

पुढे पोर्त काय्यो, १४९५ चा दरवाजा, राजा आठव्या चार्ल्सच्या इटलीतल्या लढाईच्या आठवणीला. हा राजा पुढे तीनच वर्षांत दाराच्या चौकटीला डोकं आपटून गेला, हे सांगून गाईड म्हणाली आता सगळे वाकून या. मग सेंट-पिएरचा भाग, अरुंद गल्ल्या आणि सगळीकडे दगडी गोटे बसवलेले रस्ते. इथे नानांचा गुडघा बोलायला लागला. माझा अंदाज इथेच चुकला होता. मला वाटलं दोन तास म्हणजे चालणं, नाना तर वारी करतात. पण टूरमध्ये चालणं दोन-अडीच किलोमीटरच, उभं राहणं जास्त, एकेका ठिकाणी दहा-बारा मिनिटं. वारीत पाय चालता राहतो, उभं राहिलं की भरून येतो. एका अमेरिकन आजींकडे काठीसारखं दुमडणारं स्टूल होतं, त्यांनी स्वतःहून नानांना दिलं. दीड-दोन हजारांत आपल्याकडेही मिळतं, न्याच. आणि नवे बूट घालून जाऊ नका, नाना आपले नेहमीचे कॅनव्हासचे घालून होते, तेच बरं झालं.

मग ग्रोस क्लोश, म्हणजे मोठी घंटा. रस्त्यावरच दोन मनोरे आणि मधे टांगलेली ७८०० किलोची घंटा, १७७५ मध्ये ओतलेली. द्राक्षतोडणी सुरू करायची परवानगी शहर या घंटेने द्यायचं. नानांना हे इतकं आवडलं. आमच्याकडे व्यापारी येतो, मणी पिळून मीटरवर गोडी बघतो, अठरा आली की तोडा म्हणतो. "म्हणजे हितं व्यापाऱ्याच्या आधी गावाचा शब्द," नाना म्हणाले. हल्ली ती महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता वाजते, आमचं हुकलं, तुम्हाला जमलं तर तारीख तशी धरा.

घंटेखालून जो रस्ता जातो त्याचं नाव सेंट-जेम्स. फरशीत पितळेचे शिंपले बसवलेत. हा स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना मार्ग, आजही लोक चालतात, पाठीला सॅक आणि सॅकला शिंपला बांधून. मी वारी हा शब्द उच्चारायच्या आधीच नाना खाली बसून शिंपल्याला हात लावून तो कपाळाला लावत होते. गाईडने विचारलं, काय झालं? मी सांगितलं की माझे वडीलही दरवर्षी असे चालतात, पंढरपूरला. तिने विचारलं किती दिवस, कुठे झोपता, जेवण कोण देतं. पाच मिनिटं टूर थांबला आणि चौदा माणसं दिंडीबद्दल ऐकत उभी राहिली. बोलत नाना होते, मी फक्त इंग्रजी करत होते.

शेवट सेंट-आंद्रे कॅथेड्रलसमोर. इथे ११३७ मध्ये एलेनॉर राणीचं, या मुलखाच्या वारसदारणीचं, पहिलं लग्न झालं, फ्रान्सच्या राजपुत्राशी. ते मोडलं, ११५२ मध्ये तिने हेन्रीशी लग्न केलं, तो दोन वर्षांत इंग्लंडचा राजा झाला, आणि हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला तो १४५३ पर्यंत. तीनशे वर्षं इथली वाइन जहाजं भरभरून इंग्लंडला. म्हणजे इथल्या बागाही परदेशी गिऱ्हाइकावरच वाढल्या, आमच्याकडच्या एक्सपोर्टच्या बागांसारख्या.

काही विचारायचंय का, असं गाईड म्हणाली तेव्हा नानांनी मला कोपराने ढोसलं. मी विचारलं, बोर्डो मिश्रणाबद्दल काही सांगाल का. ती एकदम हसली, म्हणाली "बुयी बॉर्देलेझ! माझे वडील टोमॅटोवर मारायचे." आणि मग तिने ते सांगितलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आधी मुळं खाणारी फायलोक्सेराची कीड आली, पाठोपाठ डावनी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग आला. बागाच्या बागा गेल्या. किडीवर उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर इथल्या वेली कलम केल्या. डावनीवर काही चालेना. १८८२ मध्ये मियार्दे नावाचे इथल्या विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मेदोक भागात फिरत होते. त्यांना दिसलं की सगळी बाग पानं गाळून बसलीय पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून मालकाने रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवलाय, निळं बघून लोक विष समजतात आणि हात लावत नाहीत. त्यावरून प्रयोग करत १८८५ मध्ये त्यांनी हे औषध जगासमोर ठेवलं.

मी हे मराठीत सांगून संपवलं तेव्हा नाना गप्प. मग म्हणाले, "चोरासाठी मारलं होतं?" आणि एवढे मोठ्याने हसले की कॅथेड्रलसमोरची कबुतरं उडाली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, बाईंना सांग, आमच्याकडे एक किलो, एक किलो, शंभर लिटर. खुंट डॉगरिज. आता बागा कशा आहेत विचार. तिने सांगितलं की बरं नाही चाललंय. वाइन पिणारे कमी झाले, भाव पडले, २०२३ मध्ये बागा उपटायला हेक्टरी ६००० युरो मदत जाहीर झाली. हे ऐकून नानांचा चेहरा पडला. आमच्या शेजारच्यांनीही बाग तोडली, अवकाळीने लागोपाठ दोन वर्षं गेल्यावर, त्यांना कुणी काही दिलं नाही. नाना एवढंच म्हणाले, "बाग उपटताना बघवत नाही, पैसे देऊ दे नाहीतर न देऊ दे." मी हे तिला सांगितल्यावर ती नानांचा हात हातात घेऊन उभी राहिली.

टीप दिली १० युरो, सक्ती नसते. कानेले नावाची इथली छोटी गोड वडी मिळते, पण त्यात अंडं आणि रम दोन्ही असतं, माळकऱ्यांनी जपा. आम्ही दशम्या, चटणी, मेतकूट नेलं होतं, वर फळं आणि ब्रेड. खाण्यावर दोघांचा आठवड्याचा खर्च १४० युरो.

१७ ला शार्त्रोंचा भाग बघितला, वाइन व्यापाऱ्यांची जुनी पेठ, समोरून अरुंद आणि आत लांबच लांब घरं, जमीन दलदलीची म्हणून तळघरांऐवजी जमिनीवरच गोदामं. १८ तारखेला आगगाडीने सेंट-एमिलियोंला जाऊन बागा बघायच्या होत्या पण त्या दिवशी देशभर संप. फ्रान्सला जाताना 'ग्रेव्ह' म्हणजे संप हा शब्द शिकून घ्या आणि आदल्या आठवड्यात बातम्या बघा. नाना काही बोलले नाहीत पण त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, इतक्या लांब येऊन वेल बघितला नव्हता. हॉटेलच्या मुलाने सुचवलं की उद्या ट्रॅम बीने पेसाकला जा, तिथे वस्तीतच बागा आहेत, रस्त्यावरून दिसतात.

१९ ला सकाळी गेलो. स्टॉपवरून विचारत विचारत चालत गेलो, आणि घरं संपून एकदम बुटकी दगडी भिंत आणि पलीकडे वेली. नाना भिंतीपाशी जाऊन थांबले. आमच्याकडे वेलींना मांडव किंवा वाय आकाराचा आधार असतो, माणूस खालून जातो, इथे वेल कमरेएवढे, ओळी चिकटून चिकटून. नाना भिंतीच्या कडेने पावलं टाकत ओळी मोजायला लागले. "तीन-सव्वातीन फुटांवर ओळ. ट्रॅक्टर जातो कसा?" यंदा तोडणी लवकर होती, बरेचसे घड गेलेले, पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. भिंतीवर झुकलेलं एक पान नानांनी हात न लावता खाली वाकून बघितलं. पानावर निळसर ठिपके वाळलेले.

"मारलंय," ते म्हणाले. "रस्त्याकडंच."

मला वाटलं आता स्वतःचा फोटो काढायला सांगतील. त्यांनी पानाचा काढायला लावला, जवळून, ठिपके दिसतील असा, आणि तो द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला लावला. मग भिंतीवर बसून गुडघा चोळत आईला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजले असतील. कसं आहे, काय जेवलात वगैरे तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेडमधे मोरचूद किती शिल्लक आहे बघून ठेव. चार तारखेला छाटणी आहे."